अष्टमीचं उधाण

“सर, अष्टमीला उधाण येतं का?”

शलाका खातू अजून बसलीही नव्हती. उन्हातून चालत आलेली, कपाळावर घाम, खांद्याला कापडी झोळा.

दस्तगीर मास्तर आंब्याखाली आमसुलांसाठी रातांबे फोडत होते. समोर दोन टोपल्या. एकीत साल, एकीत बी. मनगटापर्यंत दोन्ही हात लाल.

“नाही येत,” मास्तर म्हणाले. “अमावास्येला येतं, पौर्णिमेला येतं. अष्टमीला भांग असतो. पाणी अर्ध्यावर येतं आणि कंटाळल्यासारखं परत जातं.”

“म्हणजे तुम्हाला ठाऊक आहे.”

“खाडीवर राहतो, पोरी.”

“मग तुमच्या पहिल्या कादंबरीत होडी सुटली कशी?”

मास्तरांनी एक रातांबा उचलला, फिरवून बघितला आणि सुरी लावली.

“आधी पाणी पी. माठ तिकडं आहे.”

“नको. तुमचं फाटक गंजलंय. उघडतच नाही. मला मागच्या दगडी गडग्याच्या खिंडारातून यावं लागलं.”

“सगळे तिथूनच येतात,” मास्तर म्हणाले.

दस्तगीर पिंजारी मूळचे जत तालुक्यातले. तिथे पाणी म्हणजे विहिरीत वाकून बघायची गोष्ट. ऐन तारुण्यात शाळामास्तर म्हणून नेमणूक झाली, ती थेट कोकणातल्या या खाडीकाठी. आल्याला वर्ष होतं न होतं तोच त्यांनी कादंबरी लिहिली आणि तिने नाव काढलं.

त्या कादंबरीतलं एक पान पुढे शाळेच्या पुस्तकात धडा झालं. खाडीच्या मुखाशी वाळूचा दांडा. त्यावर रुतून बसलेली होडी. होडीत अडलेली बाळंतीण आणि तिचा नवरा. पलीकडच्या काठावर दवाखान्याचा दिवा. वर अष्टमीचा अर्धा चंद्र. आणि मग उधाणाचं पाणी येतं, होडीला अलगद उचलतं आणि पलीकडे नेऊन ठेवतं.

त्यानंतर मास्तरांनी खाडीवर, बंदरावर, समुद्रावर पुष्कळ लिहिलं. खलाशांच्या घरांत त्यांची पुस्तकं सापडतात. असं किती लेखकांबद्दल म्हणता येईल? पण पहिली कादंबरी होती तशीच राहिली. आवृत्तीमागून आवृत्ती निघाली आणि अष्टमी काही हलली नाही.

ती शलाकाने पकडली होती.

“आता ते प्रतीक आहे असं म्हणू नका,” ती म्हणाली. “आमच्या कॉलेजातल्या विभागप्रमुखांनी तेच सांगितलं. म्हणाले, थोरांची अष्टमी मनातली असते.”

मास्तर हसले. खांदे हलेपर्यंत हसले.

“मनातली! ... नाही गं. चूक आहे ती.”

“चूक?”

“निव्वळ चूक. जतच्या माणसाची.”



शलाका भांडायची तयारी करून आली होती. मोठी माणसं कशी निसटतात हे तिला पाठ होतं. आधी वय सांगतात, मग अनुभव सांगतात, मग चहा देतात आणि विषय बदलतात. या माणसाने एका वाक्यात सगळं कबूल केलं आणि तिचं भांडण तिच्याच हातात राहिलं.

आता ती बसली.

“कधी कळलं तुम्हाला?”

“पुस्तक छापून आलं त्याच आठवड्यात.”

“आणि इतकी वर्षं...”

“हं.”

मास्तर बी काढत राहिले. आंब्यावर कावळा ओरडत होता.

“सर, मी यावर लेख लिहिलाय. पुण्याच्या एका मासिकाला हवाय. आज संध्याकाळपर्यंत पाठवायचा आहे. गाजला तर संपादक मला दर महिन्याचं सदर देणार आहेत.”

“छान.”

“छान काय? तुमच्याविरुद्ध आहे तो.”

“ते आलं लक्षात.”

“तुमचं म्हणणं घ्यायला आले. नाहीतर उद्या म्हणतील, पोरीनं पाठीमागून वार केला.”

“कोण म्हणेल?”

“म्हातारे.”

“मग म्हणू दे की,” मास्तर म्हणाले. “पण तुला एवढा राग कशाचा? अष्टमीचा तर नसणार.”

शलाकाने झोळा मांडीवर ओढून घेतला.

“मी ते पान दहावीत वाचलं. वर्गात. बाकावर डोकं टेकून रडले. बाई म्हणाल्या, काय गं, पोटात दुखतंय का? ... त्या दिवशी मी ठरवलं, लिहायचं तर असं लिहायचं. आणि मागच्या महिन्यात कळलं, तसं घडूच शकत नाही. ती होडी त्या रात्री तिथून हललीच नसती. ती बाई मेली असती, सर.”

“हो,” मास्तर म्हणाले. “मेली असती.”

...

“मग आता ते पान वाचलंस, तर रडू येत नाही?” मास्तरांनी विचारलं.



“परवा वाचलं,” ती म्हणाली. “आलं. म्हणून तर जास्त राग आला.”

मास्तरांनी मान हलवली. या वेळी हसले नाहीत.

“लेख सोडून काय लिहितेस?”

“कादंबरी. मिठागरांवर.”

“झाली?”

“झाली. पण देणार नाही इतक्यात. एकही चूक राहायला नको. मी सगळं वाचलंय, सर. जुनी गॅझेटियरं, मिठाचे कायदे, अहवाल, प्रबंध. आगरावर जाऊन महिनाभर राहिले. माझ्या पुस्तकात कुणाला अष्टमी सापडणार नाही.”

“आतापर्यंत कुणी कुणी वाचली?”

“कुणीच नाही.”

“आगरावरच्या लोकांनी?”

“त्यांना काय दाखवायचं? सगळं त्यांच्याकडूनच तर घेतलंय.”

“काय काय सांगितलं त्यांनी?”

“विचारलं तेवढं सांगितलं. हो ताई, नाही ताई. तुम्ही शिकलेल्या, तुम्हाला आमच्यापेक्षा जास्त ठाऊक.”

मास्तरांनी वर बघितलं.

“मलाही तसंच म्हणायचे,” ते म्हणाले. “हो मास्तर, नाही मास्तर. पहिलं वर्षभर मी पेन्सिल घेऊन काठाकाठानं हिंडलो. सगळ्यांनी मला आदरानं बसवलं, शहाळं दिलं. आणि एकानंही...”

“मास्तर! लाज नाय वाटत तुम्हाला?”

गडग्याच्या खिंडारातून एक बाई आत येत होती. डोक्यावर टोपली, कासोटा घट्ट, आवाज अंगणापेक्षा मोठा. ती सुगंधा तांडेल. खाडीपलीकडच्या बाजारात मासळी विकणारी.

“कशाची गं?” मास्तरांनी विचारलं. त्यांच्या आवाजात चक्क आनंद होता.

“त्या दिवाळी अंकातल्या गोष्टीची. पोरीनं काल वाचून दाखवली. त्यातली ती म्हावरंवाली. तो सायेब तिच्यासमोर नाक दाबतो, आणि ही काय करते? टोपली उचलते आणि डोळे पुसत निघून जाते!”

“हो.”

“का जाईल ती? आम्ही काय डोळे पुसायला बाजारात बसतो?”

“नाही?”

“मला कधी बघितलंत?”

“नाही बघितलं,” मास्तर म्हणाले. “मग कसं असतं? तू काय म्हणाली असतीस?”

सुगंधाने टोपली उतरवली. कमरेवर हात ठेवले आणि साहेब तिथेच उभा असल्यासारखी आंब्याच्या खोडाकडे वळली.

“नाक दाबतोस होय रे? दाब. घट्ट दाब. रात्री ताटात आलं की दोन्ही हातांनी काटे चोखशील, तेव्हा नाक दाबायला काय बायकोला बोलावणारेस?”

शलाकाला हसू फुटलं. तिला हसायचं नव्हतं.

“पुन्हा म्हण,” मास्तर म्हणाले.

“का? लिहून घेणार?”

“नाही. तू वळलीस कशी, ते बघायचंय.”

सुगंधाने पुन्हा म्हटलं. मास्तर सुरी खाली ठेवून बघत होते. त्यांचे ओठ हलत होते. त्यांची कमरही किंचित वळली. ऐंशीच्या घरातला माणूस, लाल हातांचा, आपल्या अंगणात बसल्या बसल्या म्हावरंवाली होऊ बघत होता.

शलाकाने असं कुणाला शिकताना कधी पाहिलं नव्हतं. तिच्या कॉलेजात तर नाहीच.

“ही कोण?” सुगंधाने विचारलं.

“ही शलाका. माझी चूक सांगायला आलीय. अष्टमीची.”

“अष्टमीची?” सुगंधाने कपाळावर हात मारला. “अगं बाई, लईच उशिरा आलीस! माझ्या सासऱ्यानं सांगून झाली ती. मी तर जन्मले पण नव्हते. तुला नाय सांगितलं यांनी?”

“सांग तूच,” मास्तर म्हणाले. “माझ्यापेक्षा बरी सांगतेस.”

सुगंधा टोपलीशेजारी फतकल मारून बसली.

“माझा सासरा धाकू तांडेल. त्याला कुणीतरी पुस्तक वाचून दाखवलं. तो हा असा उठला. थेट शाळेत! पोरं बाराखडी म्हणतायत आणि हा दारात उभा. म्हणाला, मास्तर, आमची होडी अष्टमीला काढलीत? चला, काढून दाखवा.”

“आणि गेले?”

“जातात कुठं? अष्टमीच होती त्या दिवशी. सगळा गाव मागं! ओहोटीला गड्यांनी होडी ओढून तेव्हाच्या दांड्यावर चढवली. मास्तरांना आत बसवलं. सासरा म्हणाला, आता येऊ दे तुमचं उधाण. भरती लागली. पाणी आलं, चहूकडून आलं, होडीच्या तळाला लागलं. होडी जराशी हलली...”

सुगंधा थांबली. तिला पुढचं बोलवेना. हसण्याने डोळ्यांत पाणी आलं होतं.

“होडी हलली, तर मास्तर उठून उभे राहिले! दोन्ही हात वर! बघा, म्हणाले, बघा! आणि पाणी गेलं परत.”

मास्तरही हसत होते.

“काठावर बायका पदर तोंडात कोंबून बसल्या होत्या. आमच्यात लग्नाला माणसं जमली की अजून सांगतात. मास्तर उभे राहिले, एवढंच म्हणायचं. पुढचं नाय सांगावं लागत.”

तिने तिसऱ्यांचा, म्हणजे शिंपल्यांचा, वाटा केळीच्या पानावर काढून ठेवला आणि टोपली डोक्यावर घेतली.

“ती म्हावरंवाली नीट करा. नायतर पुढच्या खेपेला रिकामी टोपली घेऊन येईन.”

ती आली तशीच खिंडारातून गेली.

अंगण एकदम मोठं वाटायला लागलं.

“तुम्हाला वाईट नाही वाटलं?” शलाकाने विचारलं.

“वाटलं. नोकरी सोडून जतला परत जावं असं वाटलं. पण जाणार कुठं? चहूकडं पाणी. ओहोटी लागेपर्यंत होडीतून उतरायची सोय नव्हती.”

“मग?”

“होडीत आम्ही दोघंच. धाकू आणि मी. आधी त्यानं शिव्या दिल्या. मग विडी दिली. मग बोलायला लागला.”

“काय बोलला?”

“माझी दुसरी कादंबरी,” मास्तर म्हणाले.

...

“वर्षभर मी त्याच माणसाला प्रश्न विचारत होतो. तो हो मास्तर म्हणत होता. त्याचं तरी काय चुकलं? मास्तराला कोण शिकवतं? त्या दिवशी त्यानं मला होडीत हात वर करून उभं राहिलेलं बघितलं. त्याला कळलं, या माणसाला काही म्हणजे काही येत नाही. दया आली असेल. सांगायला लागला, तो पाणी उतरून गेल्यावरही सांगतच होता.”

शलाकाने झोळा मांडीवरून खाली ठेवला.

“मग येतच राहिली माणसं. सुईण आली. म्हणाली, अडलेली बाई अशी ओरडत नाही, तुम्ही घरात थांबला होतात का कधी? आठवडाभर येत होती ती. तिनं सांगितलेली तिसरी गोष्ट मी नंतर लिहिली. दीपगृहावरचा एक निवृत्त माणूस आला, दिव्याबद्दल भांडायला. गेला तेव्हा त्याच्या मेलेल्या भावाबद्दल बोलत होता. जो चूक सांगायला येतो ना, तो तेवढीच सांगून थांबत नाही.”

“आणि तुम्ही काय करायचात?”

“चहा. आणि वाद घालायचा नाही. मग कसं असतं, एवढंच विचारायचं.”

“म्हणजे हळूहळू चुका कमी होत गेल्या.”

“कमी?” मास्तर विचारात पडले. “नाही. बारीक होत गेल्या. आधी समुद्र चुकायचा. आता बघ, बाई कशी वळते ते चुकतं.”

शलाकाने त्या खोडाकडे बघितलं. तिथे कुणी साहेब नव्हता. तरी होता.

मग ती पुन्हा ताठ झाली. ती सहज सोडणाऱ्यांतली नव्हती.

“हे सगळं ठीक आहे, सर. फार सुंदर आहे. पण कळल्यावर पुढच्या आवृत्तीत अष्टमीची पौर्णिमा करता आली असती. एका शब्दाचं काम. प्रकाशक नाही म्हणाले नसते.”

“प्रकाशक मागे लागले होते.”

“मग का नाही केलीत?”

मास्तरांनी लाल सुरीचं टोक गडग्याकडे केलं. चिरे ढासळून पडलेले, मधून पायवाट झालेली. पायवाटेवर गवत कधी उगवलंच नसावं.

“गवंडी दर वर्षी विचारतो, मास्तर, बांधून देऊ का? तासाभराचं काम आहे.”

“मग?”

“मग सुगंधा कुठून येईल?”

...

“पण पोरं शाळेत चुकीचं शिकतात!” शलाका म्हणाली.

“एकही पोर अष्टमीला होडी काढायला गेलं नाही. तू मात्र इथवर आलीस.”

“म्हणजे मुद्दाम चुकायचं?”

“मुद्दाम चुकता आलं असतं तर फार सोपं झालं असतं,” मास्तर म्हणाले. “मुद्दाम केलेली चूक लोकांना लगेच कळते. कुणी येत नाही सांगायला. माझी तशी नव्हती. मला खात्री होती.”

त्यांनी सुरीचं टोक खाली केलं.

“तुझ्याइतकी.”

शलाकाने झोळ्यातून लेख काढला. टाचणी लावलेले कागद. ती ते मधोमध धरून बसली. मास्तरांना दिसलं की आता ती फाडणार.

“अगं, थांब. माझ्यावर लिहिलंयस आणि मला ऐकवत नाहीस?”

“काय अर्थ आहे आता?”

“माझे हात असे. मला धरता यायचा नाही. वाच.”

ती वाचायला लागली. सुरुवातीला आवाज बारीक होता. मग वाक्यांनीच तिला उचललं. लेख चांगला होता. तिखट होता, आणि त्यात एक शब्द वाया गेलेला नव्हता.

“‘मास्तरांच्या खाडीत त्या रात्री पाणी नव्हतं, शाई होती. शाईला चंद्राची पर्वा नसते.’”

“वा!” मास्तर म्हणाले. “हे मला सुचायला हवं होतं.”

ती लाजली, आणि लाजल्याचा तिला राग आला. ती पुढे वाचत गेली.

“‘तो वाळूचा दांडा मी स्वतः जाऊन पाहिला. आजही तिथेच आहे, तसाच आहे. भांगाच्या भरतीला त्याच्या माथ्यावर वीतभरही पाणी...’”

सुरी थांबली.

अर्धा फोडलेला रातांबा मास्तरांच्या हातात तसाच राहिला. रस मनगटावरून कोपरापर्यंत ओघळला. त्यांनी तोंड उघडलं. शलाकाने वर बघितलं.

त्यांनी तोंड मिटलं. सुरी पुन्हा चालायला लागली.

“वाच पुढं.”

“काय झालं?”

“काही नाही. वाच.”

“सर, सुरी थांबली होती.”

“थांबते. म्हातारा आहे मी.”

“आता वय सांगू नका!”

मास्तर हसले. त्यांनी बी टोपलीत टाकली आणि साल दुसऱ्या टोपलीत.

“माझं काहीतरी चुकलंय,” शलाका म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. “त्याच वाक्यात. काय चुकलंय? सांगा ना, सर.”

“मी सांगितलं तर तुला एकच गोष्ट कळेल.”

...

ती ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचत होती. ओठ हलत होते. दांडा तिने खरंच पाहिला होता. वाळूच्या किनाऱ्यावर उभी राहून फोटो काढला होता. गावातल्या एका म्हाताऱ्याला विचारलंही होतं, हाच का तो दांडा? तो म्हणाला होता, हो ताई.

हो ताई.

तिने कागद खाली ठेवले.

“म्हणजे हा लेख पाठवू नको.”

“असं मी म्हटलं नाही.”

“चूक माहीत असून छापायची?”

“तुला कुठं माहीत आहे?” मास्तर म्हणाले.

शलाका बघतच राहिली. मग तिला हसू आलं. आधी नाकातून, मग तोंडातून, मग थांबेचना. थोड्या वेळापूर्वी सुगंधा हसत होती तशीच ती हसत होती, फक्त या वेळी होडीत ती स्वतः उभी होती आणि हात वर केलेले होते.

हसणं संपलं तेव्हा डोळे पुसावे लागले.

“लोक हसतील मला,” ती म्हणाली. “विभागप्रमुख तर सगळ्या स्टाफरूमला वाचून दाखवतील. संपादक सदर द्यायचे नाहीत.”

“नाही देणार कदाचित.”

“तुम्हाला काय जातंय म्हणायला?”

“मला काही जात नाही,” मास्तर म्हणाले. “जायचं ते तेव्हाच गेलं.”

तिने कागद उचलले. धूळ झटकली. टाचणी नीट केली. खालच्या कोपऱ्यावर एक लाल ठिपका पडला होता, रातांब्याच्या रसाचा. तो तिने पुसला नाही.

ती उठली. सवयीने फाटकाकडे वळली, थबकली आणि गडग्याकडे निघाली.

“शलाका.”

ती खिंडारात उभी राहिली. एक पाय आत, एक बाहेर.

“लेखाच्या शेवटी काय घातलंयस?”

“शेवटी? माझं नाव.”

“नुसतं नाव?”

“मासिकवाले फोन नंबर मागत होते. मी दिला नाही. लोक उगाच काहीबाही ऐकवतात.”

“नंबर नको,” दस्तगीर मास्तर म्हणाले. त्यांनी नवा रातांबा उचलला आणि सुरी लावली. “कॉलेजचा पत्ता घाल. आणि आत कुठून यायचं, तेही लिही.”